तिसरा चिमटा

काका : ...आणि हा तिसरा. ठेवा तुमच्याकडेच. पहिला दिलात, घसरला. दुसरा दिलात, महागातला दिलात, तोही घसरला. माणसानं फसावं तरी किती?

बाई : काका, जरा हळू. रस्त्यावर ऐकू जातंय. चिमट्याला झालं काय, ते तर सांगा.

काका : धरत नाही. शिडाच्या जहाजाचं मॉडेल करतोय आम्ही. वीतभर डोलकाठी, तिला केसासारखे दोर बांधायचे. ह्या चिमट्यात दोर धरला की सुटतो. गेल्या रविवारी तर अख्खी डोलकाठीच आडवी झाली. हे तुमचं उत्तम हत्यार!

सासूबाई : सूनबाई, टोक बघ आधी. हातातून पाडतात आणि मग आणून आपल्या गळ्यात मारतात.

काका : ह्या कोण?

बाई : माझ्या सासूबाई. दुकान त्यांचं. मी आपली नावाला.

काका : मग ऐकाच मावशी. जन्मभर रेल्वेत तिकिटं तपासली मी. खोटं तिकीट मला वासानं कळायचं. ह्या चिमट्यावर कंपनीचं नाव कोरलंय ना, ते पहिल्या दिवसापासून खटकतंय. अक्षरं जाड आहेत.

सासूबाई : अक्षरं जाड आहेत, की चष्मा जुना आहे?

बाई : आई, थांबा हो. काका, इकडे या, उजेडात. मी दाबते, तुम्ही बघा. दोन टोकांमध्ये फट दिसते?

काका : ...नाही.

बाई : नकली चिमटा जोरात दाबला की त्याची टोकं कात्रीसारखी एकमेकांवर चढतात. ही चढली?

काका : दुकानात तो शहाण्यासारखाच वागणार. फुकट्या प्रवासीसुद्धा मला बघून खिडकीबाहेर बघत बसायचा.

बाई : बरं, तुम्हीच धरा. काचेवर हा माझा एक केस ठेवलाय. उचला.

काका : उचलला.

बाई : आता ह्या सुईच्या नेढ्यातून घाला.

काका : ...गेला.

सासूबाई : एका दमात गेला! आणि म्हणे धरत नाही. सूनबाई, हा माणूस समोरच्या दुकानाचा आहे. आपलं नाव खराब करायला धाडलाय त्यांनी.

काका : तोंड सांभाळा मावशी! मला कुणी धाडायला मी काय पार्सल आहे?

बाई : मग काका, घसरतो तो कुणाच्या हातातून?

काका : माझ्या नाही. मी सांगाडा करतो. फळ्या कापायच्या, कानशीनं घासायच्या, ही माझी हमाली. दोर बांधायचे ते डॉक्टरनं.

बाई : कोण डॉक्टर?

काका : माझा मित्र. दातांचा डॉक्टर. अहो, माझी दाढ काढली तेव्हा मी त्याला विचारतोय, बाबा रे, सुरुवात कधी करणार? आणि दाढ ताटलीत! असा हात आहे त्याचा.

सासूबाई : होता.

काका : काय म्हणालात?

सासूबाई : काही नाही. बोला तुम्ही.

बाई : चिमटा घसरताना तुम्ही डोळ्यांनी बघितलंत?

काका : तो बघू देतो कुठे? म्हणतो, तू मानेवर श्वास सोडतोस, तिकडे खिडकीशी जाऊन बस. मी बसतो. थोड्या वेळानं आवाज येतो, टक्. की झाला सुरू, ‘तुझ्या त्या दुकानवालीनं पुन्हा टोपी घातली तुला.’ म्हटलं आज जातोच आणि सोक्षमोक्ष लावतो.

बाई : आधीही असे हाकलायचे तुम्हाला?

काका : छे! उलट भिंग धरून उभं करायचा. खरं सांगू? मला संशय होताच. वाटलं, दुसऱ्या कुणाबरोबर नवं जहाज सुरू केलं असणार ह्यानं. माझा कंटाळा आलाय, पण तोंडावर म्हणवत नाही. आमच्या जहाजावरचं मनच उडालंय त्याचं. परवा दोघं बाहेरून आलो, तर किल्ली माझ्या हातात दिली. म्हणे कुलूप जाम झालंय.

सासूबाई : झालं होतं?

काका : माझ्या हातानं लगेच उघडलं.

सासूबाई : दवाखाना चालू आहे त्यांचा?

काका : बंद केला. चांगला चालता दवाखाना. म्हणाला, पुरे झालं आता. मी म्हटलं, अरे पण एवढ्या तडकाफडकी...

बाई : काका, बसा. ते स्टूल घ्या.

काका : नको. असं कसं होईल? मला सांगितलं नसतं का त्यानं? पोटात काही ठेवणारा माणूस नव्हे तो.

सासूबाई : पोटात नाही ठेवलं भाऊ. चिमट्यावर ढकललं.

काका : डब्यात पाय ठेवला की मला कळायचं, कोण बिनतिकीट बसलाय. आणि हा दर रविवारी माझ्यासमोर... मी मूर्ख चिमटे बदलत बसलो.

बाई : त्यांनी लपवलं, काका. तुमचा काय दोष?

काका : बाई, खराब चिमटा आहे का एखादा? खरंच वाकडा?

बाई : आता खराब हवा?

काका : त्याच्या देखत मीही दोर पाडतो. म्हणजे दोष चिमट्याचाच ठरेल.

बाई : आणि जहाज? ते बिनशिडाचंच राहणार? हा बघा. उलटा चिमटा. बाकीचे दाबले की धरतात. हा दाबला की उघडतो, सोडला की आपला आपण धरून बसतो. खाली जड पाया आहे. दोर ह्यात अडकवायचा, मनगट टेबलावर टेकवायचं आणि सावकाश गाठ मारायची. गाठीला वेळ लागेल, पण डोलकाठी पडणार नाही.

काका : वस्तू छान आहे. पण हा त्याच्यापुढे ठेवला, तर मला कळलंय हे त्याला कळेल. मग पुढच्या रविवारी तो दारच उघडायचा नाही. ओळखून आहे मी त्याला.

सासूबाई : त्याच्यासाठी कशाला नेताय? स्वतःसाठी न्या.

काका : मला काय करायचाय? माझा हात अजून...

सासूबाई : वय झालंय तुमचं. हात थरथरायला नको?

काका : ...हं. म्हणजे मी म्हणायचं, डॉक्टर, माझ्यानं आता फळी धरवत नाही बघ, म्हणून हा आणला. तूही वापरून बघ एकदा.

बाई : पकडले जाल, काका. तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही.

काका : खोटं बोलणारा कुठे चुकतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? घाई करतो, तिथे. बांधा तो चिमटा.

बाई : बांधते. तोवर हा चहा घ्या.

(कपबशी खुळखुळते.)

बाई : अहो, सांडतोय! काका, अंगावर सांडतोय!

काका : सांडू द्या. डॉक्टरला पटायला हवं.

सासूबाई : दोन्ही हात नका हलवू भाऊ. आमच्या ह्यांचा आधी एकच हलायचा.