भुकेल्या अस्वलाचं गाव

रचून सांगतोय असं वाटेल, पण मी तिथेच उभा होतो. अंजनगावच्या आमच्या दुसरीच्या वर्गाची पुण्यातल्या एका शाळेच्या दुसरीशी ऑनलाइन चित्रपुस्तक-चर्चा चालते. पहिल्या वेळी आमच्यातलं कोणीच तोंड उघडलं नाही. तिकडच्या बाई मला गोड आवाजात म्हणाल्या, “सर, पुढच्या वेळीही असंच झालं, तर आम्ही दुसरी शाळा बघू.”

पुढचं पुस्तक भुकेल्या अस्वलाचं होतं. ते गावात दारोदार फिरतं, सगळे हाकलतात, शेवटी ते स्वतःच मध शोधतं.

बाईंनी विचारलं, “यातून आपण काय शिकलो?”

पुण्याची मुलं म्हणाली, “स्वावलंबन!” “कष्टाचं महत्त्व!”

आमची मुलं नुसती अस्वलाचं चित्र बघत बसली. मी मुलांपुढे हात जोडायचेच बाकी होते. तेवढ्यात आमच्यातली वेदिका उठली.

“म्याडम, त्याले जेवाले कोनीच काहून नाही विचारलं?”

“अगं, गोष्टच तशी आहे.”

“घोटभर चहा बी नाही?”

“नाही.”

“मंग हे गाव हाये तरी कुठलं?”

बाई पुस्तक उलटंपालटं करून पाहू लागल्या. पुण्याच्या पहिल्या बाकावरची एक मुलगी मात्र घाईघाईने म्हणाली, “पुण्यातलं नाहीये हं!”