चौकट रिकामी ठेवायची नाही

...आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, 'बहुतेक बरा आहे' असं लिहिलं तर चालेल का?" बहुतेक? अहो, तुम्हाला सांगते, माणसाच्या पोटात दुसऱ्याची किडनी बसवलीय, ती चालतेय की नाही याची सगळ्या देशाची नोंद ठेवायची, आणि यांचं बहुतेक! वीस वर्षं शिकवतेय मी हॉस्पिटलातल्या नोंदी ठेवणाऱ्यांना. अवयव बदललेल्या प्रत्येकाचा दरवर्षी एक फॉर्म. जिवंत आहे का, किडनी चालू आहे का, कामावर जातो का. माहीत नसेल तर फोन करा, तीनदा करा, पण चौकट रिकामी ठेवायची नाही.

आता माझंच घ्या. धाकट्या भावाला किडनी दिली ती मी. पाठचा भाऊ, नाही कशी म्हणणार? दिली, आणि मग गप्प बसावं की नाही? रोज सकाळी आठला फोन, "गोळी घेतलीस? पाणी किती प्यालास? अंदाजे नको, मोजून सांग." सवय हो, नोकरीची. सहा वर्षं त्यानं ऐकून घेतलं आणि एक दिवस शांतपणे म्हणाला, "ताई, किडनी दिलीस ना, मग ती आता माझी की अजून तुझीच?" यावर माणसानं काहीतरी मायेचं बोलावं... मी काय म्हणाले? "आधी गोळीचं सांग." त्यानं गाव बदललं, नंबर बदलला. चार वर्षं झाली, आवाज नाही कानावर.

पण मला कळायचं हो. देणारा आणि घेणारा, दोघांचे नोंदणी क्रमांक लागोपाठ. माझ्या पुढचा तो. दरवर्षी त्याचा फॉर्म आला की चोरून बघायचे. चूक आहे, पहिल्याच दिवशी शिकवते मी की चूक आहे. क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन, म्हणजे किडनी उत्तम. लोकांना भावाची खुशाली कळते, मला त्याच्या रक्ताचा रिपोर्ट. तेवढ्यावर वर्ष काढायचं. एक पूर्णांक दोन वाचून डोळे भरून येणारी मी एकटीच असेन जगात.

यंदा चौकट रिकामी.

आणि फॉर्म गेला कुणाकडे? वर्गातल्या सगळ्यांत चोख बाईकडे. चष्मेवाली म्हणते मी तिला. सरावाला आम्ही खरेच राहिलेले फॉर्म देतो ना... फॉर्मवरच्या नंबरावर दोन फोन झाले, कुणी उचलले नाहीत. मला म्हणते, "तिसराही नाही उचलला तर 'संपर्क तुटला' टाकू ना, मॅडम?" काय सांगू तिला? की बाई, तुटलाच आहे गं, पण लिहू नकोस?

तिसरा फोन, स्पीकरवर. उचलला. "हॅलो?" त्याचाच आवाज, जरा बसलेला. मी टेबल धरलं. शिकाऊ बोलत असताना शिकवणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, नियम माझाच. ती विचारतेय, तो सांगतोय. तपासणी झाली, रिपोर्ट पाठवायचा राहिला, एक पूर्णांक तीन, म्हणजे अजून चांगलीच. कामावर जातो. गोळ्या? "वेळेवर. सकाळी आठला." आठला... मी रुमाल तोंडात कोंबला.

"संपर्कासाठी दुसरी व्यक्ती?" तो म्हणाला, "बहीण," आणि माझा नंबर घडाघडा सांगितला, एकदाही न अडखळता.

दुसरा नंबर तिथल्या तिथे लावून बघायचा, हेही शिकवलंय ना मी! चष्मेवालीनं शेजारच्या फोनवरून लावला आणि वाजली माझी पर्स. सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय, स्पीकरवर तो ऐकतोय. "उचला ना मॅडम, चौकट रिकामी ठेवायची नाही." उचलला. म्हटलं, "हॅलो." आणि स्पीकरमधून, हळूच, "ताई?"

चार वर्षांचं साठलेलं बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात चष्मेवाली, अगदी माझ्याच सुरात, "नंबर बरोबर आहे, नोंद पूर्ण झाली, वेळ दिल्याबद्दल धन्यवाद." ठेवला! चार मिनिटांत सगळा फॉर्म. वर शाबासकीसाठी माझ्याकडे बघतेय.

दिली शाबासकी, काय करते? त्याचा नंबर समोर लिहिलेला होता, पण नोंदीतला नंबर घरच्या कामाला वापरायचा नाही, हेही माझंच. माझा नंबर मात्र त्याला पाठ आहे. म्हणून तेव्हापासून बसलेय फोन पुढ्यात घेऊन... आणि हे बघा, तुम्हाला माझी कितीही दया आली तरी विचारपूस करायला फोन करू नका. लाइन मोकळी राहू द्या.