खळ्याच्या वाटेवरचं मुसकं

ऐका. आणि आबा, तुम्ही कट्ट्यावरच बसा, मधे खोकू नका. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणून तर तुम्ही ती कधी सांगितली नाहीत.

तर कालिंदा दिवस बुडाल्यावर घरातून निघाली. एकटी. रागाने. खांद्याला पिशवी, पिशवीत लोखंडाची एक वस्तू. पलीकडच्या गावात तिची तानूआजी राहायची, आजोबांची धाकटी बहीण. त्या वस्तूचं नाव तिच्या तोंडून काढून घ्यायचं, एवढं एकच डोक्यात.

वस्तू आली कुठून? त्याच दिवशी इनामदारांनी अंगणात जुनी मोड विकायला मांडली होती. गाव सोडून निघाले होते ते. घंगाळं, तपेली, अडकित्ते, समया. तांब्यापितळेवर बाया तुटून पडल्या. ही वस्तू मात्र पडून राहिली. लोखंडी पट्ट्यांची जाळी, वाटीसारखी खोल. मागे गोल कडं, कड्याला बिजागरी आणि खिट्टी. हे काय आहे ते कुणालाच सांगता येईना, म्हणूनच कालिंदाने ती उचलली.

पारावर नेली. म्हातारे जमले.

"कंदिलाची जाळी," एक म्हणाला.

"छे. दुधावर झाकायची. मांजर तोंड घालू नये म्हणून."

"घोड्याचं काहीतरी असणार."

"कुठला घोडा रे गंगाराम? तुझ्या वरातीत तरी होता का घोडा?"

हसले सगळे. हसत हसत खिट्टीशी झटले. ती काही निघेना. तेवढ्यात कालिंदाचे आजोबा आले, बापू मुकादम, एकेकाळी इनामदारांच्या मजुरांवर देखरेख करणारे. त्यांनी वस्तू हातात घेतली, अंगठा खिट्टीखाली घातला, बाजूला सरकवला. खट्. उघडली. तिकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी.

पारावरचं हसू बंद झालं.

"बापू, काय आहे हे?"

"वासराचं मुसकं. वासराने गाईला पिऊ नये म्हणून."

"इतकं अरुंद तोंड कुठल्या वासराचं असतं?"

"मला काय माहीत. टाक उकिरड्यावर."

घरी आल्यावर तिने पुन्हा विचारलं. जेवताना पुन्हा विचारलं. बापूंनी ताट सरकवलं. "पोरीच्या जातीने इतकं विचारू नये," म्हणाले. मग ती उठलीच.

"तानूआजीला विचारते."

"खळ्याच्या वाटेने जाऊ नको."

"का?"

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. असंच करतात. का म्हणून विचारलं की भिंत.

ती खळ्याच्याच वाटेने गेली. तुम्ही गेला नसता? इनामदारांचं जुनं खळं तिथे, मळणी कधीच बंद पडलेली, भोवती बाभळी. चांदणं होतं. आवाज कसलाच नाही. रातकिडासुद्धा नाही.

"काय घेतलंस गं?"

मागून एक बाई येत होती. काखेत सूप, पदर नाकापर्यंत ओढलेला. आवाज जड, तोंडात काही कोंबल्यासारखा. कालिंदाला वाटलं, शेतावरून उशिरा निघालेली मजूर असेल.

"वासराचं मुसकं," ती म्हणाली. भांडून आली होती, तरी उत्तर म्हाताऱ्याचंच दिलं. सवय असते.

पिशवी एकदम जड झाली. पिशवीचा बंद खांद्यात रुतला. वळून बघते, तर बाई नाही.

पावलं उचलली तिने. थोडं पुढे गेली आणि पिशवी हलकी झाली. फारच हलकी. आत हात घातला, आत काही नाही. समोर बाभळीच्या फांदीला ती वस्तू लटकलेली. तिच्या तोंडासमोर. उघडी.

"नीट सांग," बाभळीतून आवाज आला.

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणणारे पारावर बसलेत. तू कशाला आलीस?"

खट्. जाळी तोंडावर बसली. कडं मानेमागे गेलं, खिट्टी पडली. कालिंदा पळत सुटली. पळाली, पळाली, आणि खळ्यातच येऊन उभी राहिली. पाठ फिरवून पुन्हा पळाली. पुन्हा खळंच. आता तिथे ज्वारीची रास होती आणि राशीपाशी ती बाई.

"खा," बाई म्हणाली. "दिवसभर राबलीस. भूक लागली असेल."

आणि भूक लागली. अशी, की पोटाला पीळ पडला. कालिंदाने ओंजळ भरली, तोंडाशी नेली. दाणे लोखंडावर आपटून खाली सांडले. पुन्हा भरली. पुन्हा सांडले. रडत रडत पुन्हा भरली. मग बाईने पदर बाजूला केला. तिच्या तोंडावर तसल्याच पट्ट्या.

तेव्हा कळलं तिला.

"मुसकंच आहे हे," ती पट्ट्यांतून म्हणाली. "पण बाईचं. मळणी करताना दाणा तोंडात टाकू नये म्हणून."

कडं जरा सैल झालं.

"कुणी घातलं?"

"इनामदाराने."

कडं आवळलं. ओठ फाटला.

"इनामदार कशाला येतो उन्हात? खिट्टी कोण लावायचं?"

लोखंड आवळत गेलं. नाक दबलं, श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. आजोबांचं नाव जिभेवर होतं आणि जीभ उचलेना. ज्याने लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलं, त्याचं नाव.

"माझ्या आजोबांनी," ती म्हणाली. "बापू मुकादमाने."

खट्. उघडलं.

"माझं नाव त्याला विचार," बाई म्हणाली.

कालिंदा तोंडातून रक्त गाळत घरी आली. बापू जागेच होते. त्यांनी तिचा ओठ बघितला. काय झालं, असं विचारलं नाही.

"तिचं नाव काय होतं?"

बापूंनी भिंतीकडे तोंड केलं.

"आठवत नाही," म्हणाले. "पुष्कळ होत्या."

सकाळी पारावरचे सगळे म्हातारे गेले आणि त्यांनी ती वाट बाभळीच्या फांट्या टाकून बंद केली. ती वस्तू काय आहे हे ज्यांना ओळखता आलं नव्हतं, त्यांना कुठली वाट बंद करायची ते बरोबर ठाऊक होतं. कुणाला विचारावं लागलं नाही.

म्हणून सांगते, त्या वाटेने जाऊ नका. दिवसाही जाऊ नका. मुसक्याचं उत्तर तुम्हाला आता माहीत आहे, पण ती बाई आता ते विचारत नाही. स्वतःचं नाव विचारते.