हळू जेवा, हाजी

—देतो ना पेटी, नाही कुठं म्हणतोय मी, पण आधी आत येऊन बसा तरी, रगबभाऊ. झिफ्त्याहून बसनं आलात, मेहुणे आहात माझे, दारातूनच सामान उचलून जायला हमाल आहात का? बसा. त्या खुर्चीवर नको, ती तुमच्या बहिणीची, इन्शिराहची—म्हणजे खुर्ची माझीच, पण जेवताना ती बसायची तिथं. इकडं बसा, खिडकीपाशी.

काय सांगितलं तिनं तुम्हाला? काहीच नाही? शक्यच नाही. सख्खी बहीण भावाकडं येऊन राहते, कपड्यांची पेटी आणायला त्याला पाठवते, आणि सांगत काहीच नाही? बरं, राहिलं. मग माझ्याकडून ऐका. नंतर म्हणू नका, बयूमीनं आपली बाजूच सांगितली नाही.

हे बघा, मी उभा जन्म बस चालवली, तांता ते महल्ला, महल्ला ते तांता. ड्रायव्हरचं जेवण कसलं असतं? पलीकडच्या गाडीचं इंजिन सुरू होईपर्यंत जे पोटात जाईल ते. बाकल्याच्या दाण्यांची उसळ रोटीत गुंडाळायची, वर कच्चा कांदा, तिखट लोणचं, दोन घासांत खाली, वरून सोड्याची गार बाटली घटाघटा. दुपारी तेच, फक्त उसळीच्या जागी बाकल्याचे वडे. घरी आलो तरी तसंच—तहानी होती तेव्हा, माझी पहिली बायको, देव तिला स्वर्गात जागा देवो—ती स्वयंपाकघरात, मी इथं, ताट आलं की साफ. पोट फुगायचं, हो, फुगायचं. संध्याकाळी नगारा व्हायचा. करपट ढेकर, गुबारा, रात्री कुशीवर वळता यायचं नाही. पण माझं पोट होतं, माझा गुबारा होता, कुणाला काय त्याचं?

तुमची बहीण आली आणि पहिल्याच आठवड्यात बघतो तर काय—बाकला रात्रभर भिजत घातलेला, आणि सकाळी ते सगळं पाणी मोरीत! मी विचारलं, का? म्हणाली, वात निघून जातो. दुसरं पाणी घातलं, तेही थोड्या वेळानं ओतून दिलं. मग बसली साल काढत, एकेका दाण्याची. आता तुम्हीच सांगा, साठीला टेकलेल्या माणसासाठी कुठली बाई दाणे सोलत बसते? माझी आई बसली नाही. म्हटलं, बयूमी, कुठंतरी पाणी मुरतंय.

मग एकेक गोष्ट घरातून नाहीशी व्हायला लागली. सोड्याच्या बाटल्या गेल्या. कच्चा कांदा गेला, शिजवलेला आला, तोही थोडाच. रात्रीचं जेवण निम्मं, आणि ते निम्मं दिवस मावळायच्या आत. वर शहाजिरं उकळून पाणी, बडीशेप उकळून पाणी. त्यातलं शहाजिरं मी चिमूटभर रुमालात बांधून नेलं, मसालेवाल्याला हुंगायला दिलं. तो म्हणतो, शहाजिरं आहे. मी म्हटलं, ते मलाही दिसतंय, आणखी काय आहे? तो म्हणतो, हाजी, आणखी काही नाही. पण तोही तिच्याच ओळखीचा, तिथूनच घेते ती सामान.

ताटं बदलून पाहिली मी. हसू नका. ती रोटी आणायला उठली, मी तिचं ताट माझ्याकडं ओढलं, माझं तिच्यासमोर सरकवलं. आली, बसली, निवांत खाल्लं तिनं. काही झालं नाही तिला. पण मुरलेल्या माणसाला काय होणार!

आणि सगळ्यात जास्त कशानं खटकलं सांगू? ती समोर बसायची. या इथं. जेवता जेवता विचारायची—हाजी, महल्ल्याच्या गिरणीच्या बायका बसमध्ये भांडायच्या त्या कशावरून? तो बदकं घेऊन चढणारा म्हातारा तिकीट काढायचा का? मी सांगायला तोंड उघडलं की म्हणायची, आधी घास संपवा. मग मी घास चावायचा, गिळायचा, मग सांगायचं, मग पुढचा घास. हळू जेवा, हाजी. रोज तेच. अहो, पोलीस चौकशी करतात तेव्हा असं करतात—बसवतात, चहा देतात, बोलतं करतात. मैसाही तेच म्हणाली. मैसा, माझी मुलगी, तहानीची. फोनवर म्हणाली, बाबा, एवढं गोड कुणी उगाच वागत नाही, जपून राहा. आता पोटची पोर खोटं बोलेल?

थांबा, चहा टाकतो. नको काय, नको? इतक्या लांबून आलात.

—हां. घ्या. साखर घातलीय. तर काय सांगत होतो—पोट. पोट उतरलं. खोटं कशाला बोलू, उतरलं. पट्टा आत घ्यायला लागला, झोप लागायला लागली, जेवून कालव्याच्या काठानं ती मला फिरायला न्यायची, तर धापही लागेना. शेजारचे म्हणायचे, हाजी, लग्न मानवलं! आणि मला आणखीच भीती. म्हणजे भीती नाही, संशय. बिघडवणारा माणूस ओळखता येतो हो. सुधारणाऱ्याला काय हवं असतं, ते कसं ओळखायचं?

डॉक्टरकडंही तिनंच नेलं होतं, सुरुवातीलाच. त्यानं पोट दाबलं, रक्त तपासलं, फोटो काढला. म्हणाला, काही नाही, वात आहे, सावकाश जेवा. पण त्याच्याआधी ती एकटीच आत गेली होती त्याच्याशी बोलायला. काय बोलली? मी नंतर खोदून खोदून विचारलं. तेव्हा म्हणाली, मी त्यांना एवढंच सांगितलं, की माझा नवरा रात्री उठून बसतो आणि अंधारात स्वतःचं पोट चाचपत राहतो.

आता हे तिला कसं कळलं? मी तर ती झोपलीय असं पाहून करायचो. तहानीचंही असंच फुगलं होतं ना. आम्हाला वाटलं, जेवण बाधलं. मग ते खाली येईचना. मग डोळे पिवळे झाले, मग—जाऊ द्या. ते वेगळं दुखणं होतं, यकृताचं, माहीत आहे मला. डॉक्टरनं सांगितलंय की तुमचं तसं नाही. पण रात्री हात जातोच पोटावर.

कुठं होतो मी? शुक्रवार. ती गेली त्या शुक्रवारी मैसा जेवायला आली होती. मसुराच्या डब्यामागं मला एक पुडी मिळाली, तपकिरी पूड. आणली, सगळ्यांसमोर मेजावर ठेवली. म्हटलं, इन्शिराह, हे काय आहे? म्हणाली, जिरं, शहाजिरं, बडीशेप, भाजून कुटलंय. मी म्हटलं, मग खाऊन दाखव.

नुसतं म्हणून गेलो मी.

तिनं चमचा घेतला. कोरडी पूड भरून तोंडात टाकली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी चावून चावून गिळली. मैसा खाली बघत होती. मग इन्शिराहनं भांडी घासली, सगळी, माझा कपसुद्धा, ओढणी घेतली, आणि दारात उभी राहून म्हणाली, "हाजी, तुम्हाला दुखणं चालतं. कुणी काळजी केलेली चालत नाही." आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मी भांडलो असतो.

तेव्हापासून पुन्हा नगारा. ऐकू येत असेल तुम्हालाही. बाकला मी भिजत घातला होता, हो, पाणीही ओतलं. साल नाही निघत माझ्यानं, बोटं जाड आहेत. पण खोट त्यात नाही. ताट घेऊन बसतो, ठरवतो, सावकाश खायचं, आणि मान वर करतो तर ताट रिकामं. एकट्याला हळू जेवता येत नाही हो, रगबभाऊ. कुणाला सांगायला थांबायचं?

—चहा का घेत नाही तुम्ही?

नाही, मघापासून बघतोय मी. कप हातात धरून बसलाय, ओठाला लावला नाहीत. निवला आता. असं बघता काय कपाकडं? साखर आहे, म्हटलं ना. काय वाटलं तुम्हाला, मी त्यात—

तुम्हाला तसं वाटलं.

माझ्याच घरात, माझ्या हातचा—

द्या इकडं. द्या. हे बघा. संपवला. गाळासकट.

...

उठा आता. नाही, रागावलो नाही. पेटी राहू द्या, हात लावू नका तिला. मी घेऊन येईन स्वतः, उद्या. तिला सांगायचं नाही—नाही, सांगा. सांगा की हाजी दुपारच्या जेवणाला येतोय, आणि ताटात जे वाढशील ते काय आहे हे न विचारता खाणार आहे. नाही वाढलंस तरी बसणार आहे.

जा, रगबभाऊ. झिफ्त्याची गाडी उभी राहत नाही फार वेळ.