भाऊजींची हलकी बोट

...आणि वर मलाच म्हणतात, शिंकू नकोस! आता तुम्हीच सांगा, काचेच्या धाग्यांचं कापड कापताना त्याची कुसळं नाकात गेल्यावर माणूस शिंकणार नाही तर काय गाणं म्हणणार? तुम्हाला सांगतो, हे आमचे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान, रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या छोट्या बोटी बांधतात. खेळणं म्हणू नका हं, चहा मिळणार नाही! फोमचा साचा तासायचा, त्यावर काचेचं कापड अंथरायचं, वरून डिंकासारखं चिकट रेझिन फासायचं, घट्ट झालं की आतला फोम काढून टाकायचा... राहिलं ते बोटीचं अंग, अंड्याच्या टरफलासारखं. मग ते ताईच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि सुस्कारा सोडायचा, "अजून हलकी व्हायला हवी!"

ही बोट होती भाचीसाठी. पोरगी नोकरीला दूरच्या शहरात निघालेली. "बाबा, जायच्या आधी एकदा तळ्यावर जाऊ, तू आणि मी," एवढंच तिचं मागणं. पहिली बोट झाली, काय देखणी म्हणून सांगू! पोरगी चपला घालून दारात तयार. "चल ना बाबा, वारा छान सुटलाय." भाऊजींचे डोळे काट्यावर. "अगं, ही बोट आहे की म्हैस? अजून हलकी व्हायला हवी!" आणि थर कुठे जाड झालाय ते बघायला करवतीनं चक्क दोन तुकडे केले हो! पोरीनं मुकाट्यानं चपला काढल्या.

दुसरीला एक थर कमी. साचा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरनं हवा खेचायची, म्हणजे जादा रेझिन निथळतं. पिशवीला भोक कुठे पडलंय ते कान लावून मी शोधायचं! ताई दारातून, "अहो, लेक बॅगा भरतेय, जरा तिच्यापाशी बसा!" "आलोच, रेझिन घट्ट होतंय!" खरंय, रेझिन कुणासाठी थांबत नाही... पोरगी थांबेल, असं आपलं वाटतं. दुसरीही काट्यावर चढली, दुसरीही नापास. "अजून हलकी..." पुढचं ताईनं ऐकूनच घेतलं नाही.

जायचा दिवस उजाडला तेव्हा तिसरीचा शेवटचा थर ओला होता. स्टेशनवर पोरगी गळ्यात पडली, तर या गृहस्थाचे दोन्ही हात हवेत! का? हातांना लागलेलं रेझिन तिच्या नव्या कपड्यांना लागेल म्हणून. गाडी गेल्यावरही ते हात बराच वेळ तसेच.

तिसरी मात्र पिसासारखी झाली. परवा आम्ही तळ्यावर गेलो. ताईनं फोनवर लेकीला दाखवली... काय धावली हो, पाण्याला शिवतेय की नाही कळेना! "बाबा, भारीच आहे रे," भाची म्हणाली. मग हळूच, "पण ती पहिली बरी होती." भाऊजी "हं" म्हणाले. "सुट्टीत कधी येतेस?" "बघते, बाबा."

फोन बंद झाला आणि वारा पडला. बोट तळ्याच्या मधोमध, जागची हलेना. भाऊजी रिमोटच्या दांड्या ओढून ओढून थकले. मी पँट दुमडली, म्हटलं, "आणू का पोहून?"

"राहू दे रे," ताई भाऊजींशेजारी बसत म्हणाली, "घरी आता कोण वाट बघतंय?"