हातभर माती

जरा पुढं सरका, मंडळी. सतरंजी मोकळी आहे आणि तुम्ही खांब धरून बसलाय. कीर्तनाला आलो की आपण मांडी कशी घालतो? ऐसपैस, शेजाऱ्याची जागा अडवून. आणि वर म्हणायचं, देवा, तुझ्या चरणी जागा दे. अहो, तो देईल, तुम्ही आधी गुडघा आत घ्या!

हसलात, बरं झालं. आता प्रश्न ऐका. माणूस एखाद्या गावचा कधी होतो? रेशनकार्डावर नाव चढलं की? घराला नंबर पडला की? ते मास्तर म्हणतायत, जिथं जन्मला तिथला. बरोबर आहे, मास्तर. पण ते गावच समुद्रानं नेलं असेल तर? मग तो कुठला?

 ऐका तर मग.

खाजणवाडी म्हणून एक वाडी होती. खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या पट्ट्यावर. पुढं समुद्र, मागं खाडी, मध्ये माडांची रांग आणि माडांखाली गाबितांची घरं. दर्यावर पोट असलेली माणसं. त्यांचा एक रिवाज होता. पोर जन्मलं, नाळ सुकून पडली, की ती घरापुढं पुरायची आणि वर माड लावायचा. त्या माडाला पोराचंच नाव. पोर वाढायचं, माड वाढायचा. पुढं तेच पोर होडी घेऊन लांब जायचं, आणि परतताना आधी काय शोधायचं? घर नव्हे. किनाऱ्यावरचा आपला माड. तो दिसला की म्हणायचं, "पावलंय रे घरा."

आणि मग चक्रीवादळ आलं.

वाऱ्याचं वर्णन मी करणार नाही. तुमच्यातल्या काहींनी तो अंगावर घेतलाय, त्यांच्यापुढं मी काय टाळ वाजवू? एवढंच सांगतो, सकाळी आसऱ्याला गेलेली माणसं शाळेतून बाहेर येऊन बघतात तर माड नाहीत, घरं नाहीत, आणि वाळूचा पट्टाही नाही. खाडी आणि समुद्र एक झालेत. घर पडलं तर उभारता येतं, मंडळी. घराखालची जमीनच गेली तर कुठं उभारायचं?

त्या माणसांत रेवती होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. नवरा गोव्याला ट्रॉलरवर, तो सुखरूप आहे एवढाच निरोप. जवळ फक्त सासू, भागीरथी. जीभ तिखट, हात मऊ. शाळेच्या वर्गातच, फळ्याखाली, रेवती बाळंत झाली. मुलगी झाली. फळ्यावर अजून सुविचार होता, 'स्वच्छता पाळा'. भागीरथी फळ्याला म्हणाली, "पाळतंव रे बाबा, आधी पाणी तरी दी."

नाळ पडली. भागीरथीनं ती हळदीत घोळवली, गेलेल्या नवऱ्याच्या चुन्याच्या डबीत ठेवली आणि डबी कमरेला खोचली. म्हणाली, "जागा मिळाली काय पुरूया."

जागा मिळाली, तोवर पोर रांगायला लागलं होतं. समुद्रापासून लांब एका गावाच्या डोक्यावर सडा होता, तिथं वसाहत झाली. सडा तुम्हाला काय सांगायचा? कातळ. झाड नाही, सावली नाही, वाकून उचलावी अशी मूठभर माती नाही. घरं वाईट नव्हती. दिवे होते, नळ होते, नळाला कधीमधी पाणीसुद्धा होतं. दारं सगळी रस्त्याकडं. पण संध्याकाळ झाली की वसाहतीतल्या बायका घरामागं जाऊन भिंतीला टेकून बसायच्या. खालच्या गावचे लोक हसायचे. दाराकडं पाठ करून बसतात, ही कसली माणसं? अहो, मागच्या बाजूनं, लांब खाली, समुद्राची एक रेघ दिसायची. रेघच फक्त. तिच्याकडं बघत रेवती पोरीला थोपटायची,

माड गेले, वासे गेले, दोर कुठं बांधू गं?
हाताच्याच झोळीमध्ये नीज माझ्या चांदू गं.

पहिल्याच दिवशी भागीरथीनं कुणाचीतरी पहार आणली. घरापुढं मारली, टण्ण. मागं मारली, टण्ण. म्हातारीनं कपाळाला हात लावला. "देवान ही जमीन केल्यान काय तवो?"

मग ती हट्टाला पेटली. "चल, आपल्या जागेत जाऊया."

"आये, थंयसर पाणी आसा," रेवती म्हणाली.

"ओहोटीक दिसता जमीन. माका ठाऊक आसा."

गेल्या दोघी. पोर कडेवर. ओहोटी लागली होती आणि खरंच, ओल्या वाळूतून काही चिरे वर आले होते. म्हातारीनं ओळखले. ही तुळस, ही पायरी. रेवतीच्या नवऱ्याच्या माडाचा बुंधा होता, शेवाळ धरलेला. भागीरथी गुडघ्यावर बसली, करवंटीनं उकरायला लागली. खड्डा झाला आणि पाण्यानं भरला. बाजूला उकरला, तोही भरला. कडा ढासळायच्या, पाणी यायचं, म्हातारी पुन्हा उकरायची.

रेवती बघत उभी. तिला वाटलं, लेकीला दाखवावं, बाय, हे बघ तुझं घर. इथं चूल होती. इथं बसून तुझा बाप जाळं विणायचा. तिनं बोट वर केलंही. पण दाखवायचं कुठं? बोट करावं तिथं लाट. तिनं बोट मिटलं आणि पोरीच्या मुठीत दिलं.

भागीरथी उठली. डबी कमरेला परत खोचली. "घेणा नाय गो नाळ. आपलीच जागा, पण घेणा नाय."

परतताना एसटी खालच्या गावात सोडायची, तिथून चढ. दिवस बुडत आला होता. पोर तहानेनं किरकिरत होतं. वाटेवर एक परसू लागलं, सत्यभामा गावडे नावाच्या बाईचं. पोफळी, केळी, आणि नुकतीच खणलेली, काळी, भुसभुशीत माती. रेवतीनं पाण्यासाठी हाक मारली, आतून ओ आली नाही. वळून बघते तर सासू मातीपाशी बसलेली.

"आये, काय करतंस?"

"मूठभर घेतंय. वर नेऊन डब्यात घालूया, नाळ पुरूया, वर माड लावूया."

"डब्यात माड जगतलो?"

"पोर नाय जगला शाळेत?" म्हणत म्हातारीनं माती पदराला बांधली.

इथं चूक झाली, मंडळी. तिन्हीसांजेला दुसऱ्याच्या परसातली माती उचलायची नसते. आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल, ती करणीची खूण. आता देव आहे की करणी आहे, एक काय ते ठरवा, असं मी किती वेळा सांगितलंय, ते राहू दे. पण वाळूवरच्या बाईला हे कोण सांगणार? तिथं मूठभर वाळू उचलली तर पुढची लाट आणून टाकते. वाळूला मालक नसतो.

मातीला होता. सत्यभामेचा पुतण्या, दिगंबर. काकीच्या मागं परसू त्याच्याकडंच यायचं होतं. त्यानं बघितलं आणि ओरडत आला. "करणी करतंस, म्हातारे? सोड ती गाठ." चार माणसं जमली. कुणी म्हणालं, वसाहतवाल्यांचा काय भरवसा. कुणी म्हणालं, "घरां गेली यांची, आता आमच्या मुळार उठलेत."

"कमरेक काय आसा?" दिगंबर म्हणाला. "दाखय ती डबी."

भागीरथीनं डबीवर हात दाबून धरला. रेवतीनं डबी घेतली, उघडली, पुढं धरली.

"नाळ आसा. ह्या पोराची. वर कातळ, खाली पाणी. पुरूक जागा नाय. आमका ठाऊक नव्हता, भाऊनू. माती परत घेवा."

म्हातारीनं गाठ सोडली. माती होती तिथं ओतली. पदर झटकला, आणि झटकताना बोटांना लागलेली थोडी माती मात्र बोटांवरच राहिली.

तेवढ्यात मागच्या दारानं सत्यभामा आली. थकलेली बाई, एकटी. तिनं डबीत बघितलं. मग पोरीकडं, आणि मुलगी का म्हणून विचारलं. "चेडू?"

"होय."

"तहानलाला तां. दी हंय." तिनं पोर घेतलं, पाणी पाजलं, तोंड पुसलं. मग म्हणाली, "मूठभर मातयेत काय होता? हयसर पुरा."

दिगंबर चपापला. "काकी, नाळ पुरली म्हणजे उद्या हक्क सांगतली."

"चेडवाचो कसलो हक्क?" गर्दीतून कुणीतरी हसलं.

"सांगू दे तिका हक्क," सत्यभामा म्हणाली. "दिगू, लग्न होऊन इलंय तेव्हापासून ह्या परसात केळी पिकली, रताळी पिकली. नाळ एकय पुरली नाय. माका पुरूक मिळाली नाय. ह्या मातयेक कोणीतरी आपली म्हणूक होया ना रे?"

 भागीरथी खाली बसली आणि बोटांनी उकरू लागली, त्याच घाईनं, जशी वाळूत उकरत होती. थोडं उकरायची आणि थांबून बघायची. पाणी येतंय का?

दिगंबरला ते बघवेना. "हातान कित्याक खणतंस?" तो चिडूनच म्हणाला. घरात गेला, कुदळ घेऊन आला. "सर बाजूक." आणि खणला त्यानं खड्डा, पुटपुटत, हातभर खोल. खड्डा कोरडा राहिला. मातीनं नाळ घेतली.

सत्यभामेकडं कोंब आलेला नारळ होता, तो वर लावला. रेवतीनं हळूच विचारलं, "काकी, दर्यावरसून दिसतलो हो माड?"

समुद्र तिथून दिसत नाही, मंडळी. मध्ये टेकडी आहे. सत्यभामेला ते माहीत होतं. ती म्हणाली, "वाढलो काय बघूया."

अजून तो माड टेकडीएवढा झालेला नाही. रेवती अजून संध्याकाळी घरामागं बसते, रेघेकडं बघते. ती ओढ कशी जाणार, आणि का जावी? पण तिची लेक आता धावत खाली येते. वाटेत कुणी विचारलं, "खंयचा गो तू?" तर ती समुद्राकडं बोट करत नाही, सड्याकडंही नाही. माडाकडं करते.

मास्तर, मिळालं उत्तर? गावानं जागा दिली म्हणजे माणूस गावचा होत नाही. गावानं त्याचं काही आपल्या पोटात घेतलं की होतो.

आता एक सांगतो आणि थांबतो. ही गोष्ट दुसऱ्या गावची म्हणून तुम्ही आरामात ऐकलीत. पण मी इथून, समोरून, सगळं बघतोय. त्या पायऱ्यांवर, चपलांच्या बाजूला, तुमच्या वरच्या वसाहतीतली माणसं मघापासून उभी आहेत. त्यांना कुणी आत येऊ नका म्हणालेलं नाही. खरं आहे. या, असंही कुणी म्हणालेलं नाही. एक बाई पोर खांद्यावर घेऊन उभी आहे, पाय बदलतेय.

तुम्ही वाट बघताय, बुवा आता देवाचं नाव घ्यायला सांगतील. नाही सांगणार. आधी गुडघा आत घ्या. हातभर सरका. ती माणसं बसली, की मग घेऊ नाव, सगळे मिळून.