शिंप्याच्या बाहुल्या

...काम आहे म्हणे! अंधाऱ्या खोलीत दार लावून परक्या माणसांच्या डोळ्यांत डोळे घालून बसायचं, याला काम म्हणतात? तुम्हाला सांगतो, मी जळणाऱ्यातला नाही, अजिबात नाही, पण आमची ही डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसभर हेच करते. पेशंटच्या डोळ्यावर टॉर्च मारायचा, बाहुली आकसते का, किती आकसते, दोन्ही सारख्या आकसतात का, ते मशीनवर मोजायचं. एखादी नीट आकसली नाही, तर आत कुठेतरी बिघाड असू शकतो म्हणतात. बरं, असू दे, पण घरी? घरी मी नवा शर्ट घालून समोर उभा राहिलो, तरी ही पातेल्यात बघतच विचारते, ‘काय हवंय?’

परवा जेवताना म्हणाली, ‘आपल्या त्या शिंप्याच्या बाहुल्या काय गोड आहेत हो!’ मी म्हटलं, वा, उरलेल्या चिंध्यांच्या करत असेल, आण की एखादी पुतणीला. तर ही हसतेय, हसतेय, ठसका लागला... ‘अहो, डोळ्यांतल्या! आज तपासायला आला होता ना, उजेड पडला की कशा झटकन लाजतात!’ लाजतात? शिंप्याच्या? माझी पँट लांडी करणाऱ्या माणसाचं कौतुक माझ्याच ताटासमोर? मी जळणाऱ्यातला नाही, पण घास काही उतरेना.

शेवटी गेलो. पेशंट म्हणून. डोकं दुखतं असं ठोकून दिलं, रांगेत बसलो, नंबर आला, आत गेलो, हिनं दिवा मालवला... आणि खरं सांगतो, इतक्या जवळून, इतका जीव लावून हिनं माझ्याकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. हळूच विचारलं, ‘काय दिसतंय गं?’ तर म्हणते, ‘बोलू नका. लांब बघा.’

उजवी झाली. डावीवर उजेड टाकला. पुन्हा टाकला. ‘ही का हलत नाहीये?’ एवढंच म्हणाली, आणि धावत डॉक्टरांना घेऊन आली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, डावी बाहुली सुस्त आहे इतकंच, पण असं क्वचित बघायला मिळतं, नजर ठेवा.

नजर ठेवा! म्हणजे मला हवं होतं ते मिळालंच की. आता रोज सकाळी ही टॉर्च घेऊन येते, हनुवटी धरते, मायेनं बघत राहते. शिंप्याचं नाव नाही घरात. पण हे सगळं डाव्या डोळ्यासाठी हो! उजवा बिचारा वेळच्या वेळी आकसतो, कधी चुकत नाही, त्याच्याकडे ही ढुंकून बघत नाही. ‘तो ठीक आहे,’ म्हणते.

मी जळणाऱ्यातला नाही... पण काल बसल्या बसल्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि हिनं पदरानं पुसला कोणता? डावा.